घरातच कोलेस्टेरॉल असेल तर रक्तातलं नक्की काय बघायचं?

अनुजा_नाशिक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली.

माझं वय ३८. बाबा ४६व्या वर्षी गेले, रात्रपाळी करून येताना बसस्टॉपवर. मी तेव्हा अकरावीत. तंबाखू आणि टेन्शन, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि विषय संपला. मागच्या महिन्यात भावाला (वय ४१, तंबाखू नाही, दारू नाही, सुपारीचं खांडही नाही) छातीत दुखलं आणि दोन स्टेंट पडले. त्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "बहीण आहे का? तिचं रक्त तपासा."

मी उत्साहात मोठं पॅकेज केलं. सात पानी रिपोर्ट आला आणि झोप उडाली. एकूण कोलेस्टेरॉल २९८, एलडीएल (ते 'वाईट' कोलेस्टेरॉल) २२८, एचडीएल ('चांगलं') ४८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ११०. पुढे अ‍ॅपो-बी १५८, लायपोप्रोटीन-ए ७८, एचएस-सीआरपी ४.६, होमोसिस्टीन २४. एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड सोडले तर सगळं लाल आणि ठळक. मी ५४ किलोची आहे हो! तळण महिन्यातून एकदा.

प्रश्न असे : यातलं खरंच गंभीर काय? लॅबवाले रोज फोन करून 'अ‍ॅडव्हान्स्ड हार्ट प्रोफाइल' घ्या म्हणतात, ते करायचं का? आणि मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याचं तपासावं असं मला वाटतं. सासरे म्हणतात, "पोराला कशाला सुया टोचता, खेळतंय ना नीट?" डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय, तोवर जीव टांगणीला.

रानवारा

वाचतोय. माझ्या पॅकेजमध्ये ८४ टेस्ट होत्या आणि एक मोफत डाएट चार्ट. चार्टात रोज सकाळी ओट्स. ते खाऊन कोलेस्टेरॉल उतरलं की नाही माहीत नाही, जगण्यावरची वासना मात्र उतरली.

बांगडा_फ्राय

होमोसिस्टीन हे नाव ऐकून मला आधी होमिओपॅथीतलं काहीतरी वाटलं. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

ताई, काळजी घ्या. भावाला आराम पडो.

पॅथॉलॉजी_काका

अनुजाताई, चाळीस वर्षं सोलापुरात लोकांचं रक्त बघण्यात गेली, म्हणून लिहितो. औषधोपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील.

पहिलं म्हणजे लाल अक्षरांनी घाबरू नका. मर्यादा ओलांडली की लाल करायचं, एवढंच यंत्राला कळतं. तुमच्या रिपोर्टात होमोसिस्टीनही लाल आणि एलडीएलही लाल. पण त्यातलं एक चिलट आहे आणि एक वाघ.

आधी चिलटं मारू. तुम्ही शाकाहारी आहात का? असाल तर बी-१२ तपासा. ते कमी असलं की होमोसिस्टीन वाढतं आणि आपल्याकडे हे घरोघरी आहे. गोळ्यांनी होमोसिस्टीन छान खाली येतं, पण त्यामुळे हार्ट अटॅक कमी झाल्याचं मोठमोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. बी-१२ घ्यायचं ते नसांसाठी आणि रक्तासाठी, हृदयाच्या भीतीने नाही. एचएस-सीआरपी हा दाह मोजतो. सर्दी, दाढदुखी, गळू, काहीही असलं तरी तो उडी मारतो. तुम्हाला त्या आठवड्यात काही झालं होतं का?

आता वाघ. मोठ्या माणसाचं एलडीएल औषधाविना १९० च्या वर, ट्रायग्लिसराइड मात्र साधारण, आणि जवळच्या नात्यात पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा बाईला साठच्या आत हृदयविकार, हे एकत्र दिसलं की आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा संशय घ्यायचा. मोठं नाव फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, पुढे एफएच म्हणू. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. आईकडून किंवा वडिलांकडून एक बिघडलेलं जनुक आलं की ती पकड निम्म्यावर येते आणि कण रक्तात फिरत राहतात. जन्मापासून. त्यात तळणाचा दोष नाही की वजनाचा नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं ते याच कोड्याच्या उत्तरासाठी.

हे दुर्मिळ नाही. अडीचशे माणसांत साधारण एक. लग्नाच्या पंगतीत चार-पाचशे पानं उठली तर त्यात एखाद-दुसरा असतोच, आणि बहुधा त्याला ते माहीतही नसतं.

एक मात्र आधी करा : टीएसएच. थायरॉइड मंदावला तरी एलडीएल चढतं. लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा पित्ताचा मार्ग अडला असेल तरीही. ते नाही ना, याची खात्री झाली की मग घराण्याला धरायचं.

आणि अजून एक. भावाची टाच बघा. टाचेच्या वर जी जाड दोरी लागते ती चिमटीत धरून बघा. जाड, गाठाळ लागते का? एफएचमध्ये तिथे कोलेस्टेरॉल साठून गाठी होतात. काय ते इथे सांगा.

अनुजा_नाशिक

काका, तुम्ही ज्योतिषी आहात का? टेस्टच्या दिवशी मला सणकून सर्दी होती! घरी रक्त घ्यायला आलेल्या मुलाला मी शिंकतच हात दिला. आणि हो, शाकाहारी. अंडंही नाही. टीएसएच पॅकेजमध्येच होतं, २.३.

भाऊ पुण्याला असतो, रविवारी जाणार आहे. टाच बघते म्हटलं तर वहिनी काय म्हणेल देव जाणे.

शंकासुर

सगळे टाळ्या वाजवताय म्हणून विरुद्ध बाजूने बोलतो. कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांचा बागुलबुवा आहे. आधी २४०च्या वर वाईट म्हणायचे, मग २००, आता एलडीएल ७० करा म्हणतात. आकडा खाली आणला की गिऱ्हाईक वाढतं, साधं गणित. आमचे आजोबा रोज भाताच्या मुदीवर तुपाची धार धरून ९२ वर्षं जगले. मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, हार्मोनला लागतं. शरीर मूर्ख आहे का ते बनवायला?

रानवारा

प्रत्येकाचे आजोबा ९२ वर्षं कसे जगतात? माझे ५८ला गेले. ते कुणाच्या उदाहरणात कधीच येत नाहीत.

पॅथॉलॉजी_काका

रानवारा, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा.

शंकासुर, तुम्ही शंका घेता हे बरंच आहे, पण एफएच ही ती शंका फेडणारीच जागा आहे. ज्या मुलाला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक येतं, त्याचं कोलेस्टेरॉल ६००, ८००, कधी १००० असतं. त्याला ना सिगारेट, ना मधुमेह, ना ऑफिसचं टेन्शन. आणि उपचार नसतील तर त्याला विशीच्या आत, कधी दहाच्या आतही, हार्ट अटॅक येऊ शकतो. तिथे कोलेस्टेरॉल सोडून दुसरा आरोपीच नाही.

उलट बाजूही निसर्गाने दाखवलीय. पीसीएसके-९ नावाचं प्रथिन ते रिसेप्टर मोडीत काढतं. काहींमध्ये जन्मतःच हे प्रथिन कमी असतं. २००६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधल्या अशा लोकांचा अभ्यास छापून आला. त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. २८ ला ८८ का? कारण ते एलडीएल जन्मापासून कमी होतं. मेंदू त्यांचा नीट चालत होता. आजोबांच्या तुपाबद्दल मला आदर आहे, त्यांचे रिसेप्टर उत्तम असणार.

शंकासुर

मान्य, एफएचपुरतं. बाकीच्यांना सरसकट गोळ्या देण्यावरचा माझा आक्षेप कायम. त्यासाठी वेगळा धागा काढेन.

बांगडा_फ्राय

काढा, मी पॉपकॉर्न... नको, भाजलेले चणे घेऊन येतो.

मिल्टन_कीन्स_मावशी

अनुजा, तुझी पोस्ट वाचून सहा वर्षांपूर्वीची मीच आठवले. इथे इंग्लंडमध्ये आकडे मिलिमोलमध्ये येतात. माझं एलडीएल ६.१ आलं. घाबरून रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर साताऱ्याला आईला पाठवला. आईचा फोन : "अगं, सहाच? शेजारच्या काकूंचं दीडशे आहे. खात जा गं काहीतरी!" ३८.६७ने गुणायचं असतं हे तिला सांगेपर्यंत तिने शेजारी पेढे वाटायचे बाकी होते. (६.१ म्हणजे २३६. आणि ते १९०, म्हणजे आमचं ४.९.)

मला जीपीने (इथला फॅमिली डॉक्टर) लिपिड क्लिनिककडे पाठवलं, तिथे जनुकीय तपासणी झाली आणि एलडीएल रिसेप्टरच्या जनुकात दोष सापडला. त्यानंतर त्यांनी माझी दुसरी कुठलीही महागडी टेस्ट केली नाही. नर्सने कागद पुढे ठेवून वंशवृक्ष काढायला लावला. भाऊ, बहिणी, मुलं, मावश्या, मामा. म्हणाली, आता यांना शोधायचं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता, नाणं उडवल्यासारखी. नेदरलँड्सने १९९४पासून वीसेक वर्षं हेच देशभर केलं, एक सापडला की त्याच्या नात्यातून पुढे जात राहायचं. इथे घरात दोष माहीत असेल तर मूल दहा वर्षांचं व्हायच्या आत तपासा, असंच सांगतात.

म्हणून लॅबवाल्यांच्या फोनबद्दल माझं मत : पुढची टेस्ट तुझी नाही, तुझ्या मुलाची. आणि तुझ्या बाबांना कुणी भावंडं असतील तर त्यांची.

अनुजा_नाशिक

मावशी, अंगावर काटा आला. एक आत्या आहे मालेगावला, ६६ वर्षांची. दरवर्षी वारी करते, आयुष्यात एकदाही रक्त तपासलेलं नाही. ती माझ्या डोक्यातही आली नव्हती.

हेमंत_धावपळ

एलपी-एवर (म्हणजे लायपोप्रोटीन-ए) कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी चार फुल मॅरेथॉन केल्यात, वजन ६३. माझं एलपी-ए १४० निघालं. मग मी कंबर कसली. तीन महिने जवसाची चटणी, सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या (बायकोने या काळात खोली बदलली), दालचिनीचं पाणी, साखर बंद, आठवड्याला ६० किलोमीटर. पुन्हा तपासलं : १४४.

अनुजाताई, तुमचं ७८ आहे, माझ्या निम्म्यावर. निवांत राहा.

पॅथॉलॉजी_काका

हेमंतराव, निवांत व्हायची घाई नको. तुमच्या रिपोर्टात एकक काय लिहिलंय ते बघा.

हेमंत_धावपळ

नॅनोमोल प्रति लिटर.

पॅथॉलॉजी_काका

वाटलंच. अनुजाताईंचं मिलिग्रॅममध्ये असणार. धोक्याची रेघ मिलिग्रॅममध्ये ५०, नॅनोमोलमध्ये १२५. म्हणजे तुमचं रेघेच्या जरा वर आणि त्यांचं चांगलंच वर. उलटं झालं की नाही?

आणि इथे ३८.६७सारखा गुणाकार नाही. एलपी-ए म्हणजे एलडीएलचाच कण, पण त्याला बाहेरून एक लांब शेपूट चिकटलेलं. शेपटात त्याच त्या वेटोळ्यांची माळ असते आणि माळ किती लांब हे माणसागणिक वेगळं. कण मोजले तर एक उत्तर, वजन केलं तर दुसरं. मण्यांची संख्या माहीत नसताना माळांच्या वजनावरून माळा किती ते कसं सांगणार? एकाच लॅबमध्ये, एकाच एककात तुलना करा, एवढंच.

हे कण १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधले. त्यांचं प्रमाण जवळजवळ सगळं जन्माने ठरतं, म्हणून तुमचा लसूण वाया गेला (बायकोची झोपही). दक्षिण आशियाई लोकांत ते युरोपीय लोकांपेक्षा सरासरीने जास्त असतं. स्टॅटिनने (एलडीएल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या) ते उतरत नाही, उलट किंचित वर सरकू शकतं. म्हणून दर सहा महिन्यांनी ते करून घेण्यात अर्थ नाही. आयुष्यात एकदा. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४च्या मार्गदर्शनात सगळ्यांनाच हे सांगितलंय : निदान एकदा एलपी-ए तपासा.

रानवारा

एक मिनिट. उतरत नाही, लसणाने नाही, पळून नाही, गोळीनेही नाही. मग तपासायचं कशाला? नुसतं घाबरायला? हा प्रश्न खोडसाळपणे विचारत नाहीये.

पॅथॉलॉजी_काका

खोडसाळ नाहीच, खरा प्रश्न हाच आहे.

एफएचच्या एकाच घरात दोन भावांचं एलडीएल सारखंच, पण एकाला चाळिशीत अटॅक आणि दुसरा सत्तरीतही ठणठणीत, असं दिसतं. फरक कशाने पडतो? सिगारेट, मधुमेह, रक्तदाब हे आहेतच. पण स्पेनमध्ये एफएच कुटुंबांची एक मोठी नोंदवही आहे, सेफहार्ट नावाची. त्यात दिसलं की ज्यांचं एलपी-ए वाढलेलं, त्यांना हृदयविकाराचा धोका इतर सगळं धरूनही वेगळा वाढतो. एफएच आणि एलपी-ए हे दोन वेगळे वारसे आहेत, वेगळ्या जनुकांतून येणारे. एकाच माणसात दोन्ही आले की बेरीज होते.

मग करायचं काय? एलपी-ए हलत नाही, म्हणून जे हलतं ते जास्त जोरात ढकलायचं. एलडीएल आणखी खाली, सिगारेट शून्य, रक्तदाब नीट. पीसीएसके-९ अडवणारी इंजेक्शनं एलपी-ए पाव हिश्श्याच्या आसपास उतरवतात, पण ती खिशाला भारी पडतात. खास एलपी-एसाठीची औषधं चाचण्यांत आहेत.

म्हणजे हा आकडा ब्रेक किती जोरात दाबायचा ते सांगतो.

गणिती_गोंधळ

माझी आवडती जागा आली. अनुजाताई, तुमच्या लॅबने एलडीएल बहुधा मोजलेलं नाही, काढलंय. २९८ वजा ४८ वजा (११० भागिले ५). झालं की नाही २२८? हे फ्रिडवाल्डचं सूत्र, १९७२चं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की कोसळतं. तुमचं ११० आहे, तेव्हा आकडा विश्वासाचा.

आता पुढचं गणित. जोरदार स्टॅटिन एलडीएल साधारण निम्मं करतं : ११४. डोस दुप्पट केला तर आणखी निम्मं होत नाही, फक्त सहाएक टक्के सरकतं. म्हणून गोळी मोठी करण्यापेक्षा दुसरी जोडतात. इझेटिमाइबने उरलेल्यातलं वीसेक टक्के जातं : ९१. म्हणजे दोन गोळ्या नीट घेऊनही तुम्ही सत्तरच्या वरच राहण्याची शक्यता आहे. तसं झालं तर स्वतःला दोष देऊ नका, सुरुवातच २२८ वरून होती.

साठीचा_तरुण

मी तुमचे आकडे नेटवरच्या 'दहा वर्षांचा धोका' काढणाऱ्या यंत्रात टाकून बघितले. फारच कमी आला हो, दोन टक्क्यांच्याही आत. उगाच घाबरवताय सगळे.

पॅथॉलॉजी_काका

साहेब, ती यंत्रं एफएचला लावायचीच नसतात. ती धरून चालतात की हे एलडीएल तुम्हाला वयोमानाने चढलंय. हिला जन्मापासून आहे. गणिती, करता का हिशोब?

गणिती_गोंधळ

आवडीने. २२८ गुणिले ३८ वर्षं = ८,६६४. एलडीएल १२० असणारा माणूस इतकी 'कोलेस्टेरॉल-वर्षं' कधी गाठेल? ७२व्या वर्षी. कागदावर ताई ३८ च्या, रक्तवाहिन्यांचा हिशोब ७२ चा. (ढोबळ आहे. लहानपणी आकडा थोडा वेगळा असतो वगैरे. हलके घ्या.)

अनुजा_नाशिक

हे हलकं कसं घेऊ 😐

पिंपळपान

गणिती, गप्प बसा हो दोन दिवस.

अनुजा, हा हिशोब तुझ्या मुलाच्या बाजूने वाच. त्याची नऊच वर्षं साठलीत. माझ्या लेकीचं तपासलं तेव्हा ती दहाची होती, नवऱ्याकडून आलंय. आमच्याकडे सासूबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, "माझ्या नातीला रोगी ठरवलं" म्हणून. तिला मात्र काही नाही. सुई टोचताना रडली, मग आइसक्रीम मागितलं, मिळालं. एलडीएल १९४. बालरोगतज्ज्ञांनी मुंबईच्या लिपिड बघणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि छोट्या डोसची गोळी सुरू झाली. आता तेरा वर्षांची आहे, कबड्डी खेळते, वयात आली तीही वेळेवर. हा प्रश्न मला रात्र रात्र छळायचा.

तेव्हा डॉक्टरांनी मला एक डच अभ्यास दाखवला होता, २०१९ मध्ये छापून आलेला. एफएचची २१४ मुलं, लहानपणी स्टॅटिन सुरू केलेली, वीस वर्षं मागोवा घेतला. ३९व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या एक टक्का लोकांना हृदयाचा त्रास झाला. त्यांच्याच एफएच असलेल्या आईवडिलांना त्याच वयापर्यंत २६ टक्के. तेच घर, तोच दोष, फरक फक्त कधी सुरू केलं याचा. तो कागद मी सासूबाईंना मराठीत वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री लेकीची गोळी त्यांनीच काढून दिली.

रानवारा

पिंपळपान 🙏

अवांतर : लग्नाच्या वेळी हे सांगायचं का पण? उद्या मुलीचं स्थळ बघताना?

बांगडा_फ्राय

पत्रिकेत मंगळ बघतात त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा. 'एलडीएल : सौम्य दोष, शांत केलेला आहे.'

पॅथॉलॉजी_काका

हसण्यावारी नेऊ नका, यात तथ्य आहे. आमच्या सोलापूरकडे, सांगली-कोल्हापूरकडे, मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न अजूनही होतात. एफएच असलेल्या घरात अशी सोयरीक जुळली आणि दोघांकडेही एकच दोष निघाला, तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता की त्याला तो दुहेरी मिळेल. मी वर लिहिलं ती सहाशे-आठशेवाली मुलं. एरवी ती काही लाखांत एक असतात. माझ्या उमेदीत असं एक पोर बघितलं होतं, कोपरांवर आणि गुडघ्यांवर पिवळ्या गाठी. कातडीचा रोग म्हणून मलमं लावत होते. आईवडील मामे-आते भावंडं.

पत्रिका नको, पण नात्यात लग्न ठरत असेल तर दोघांचं साधं लिपिड प्रोफाइल नक्की करा. आणि ज्या मुली गोळ्या घेतायत त्यांनी दिवस जाऊ द्यायचं ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, तेवढ्या काळापुरतं स्टॅटिन सहसा थांबवतात.

हेमंत_धावपळ

काका, अ‍ॅपो-बीचं राहिलंच. पॉडकास्टवाले म्हणतात एलडीएल जुनं झालं, अ‍ॅपो-बी हाच खरा राजा.

पॅथॉलॉजी_काका

राजा वगैरे कुणी नाही. एलडीएलचा आकडा म्हणजे ट्रकांमधला एकूण माल, अ‍ॅपो-बी म्हणजे ट्रक किती. प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बीचा एकच रेणू असतो. रस्ता खराब करतात ते ट्रक, हे बरोबर. मधुमेह, सुटलेलं पोट, चढलेलं ट्रायग्लिसराइड असेल तर छोटे, अर्धे भरलेले ट्रक पुष्कळ होतात, माल मोजून फसगत होते. तिथे अ‍ॅपो-बी कामाचा आणि असे लोक आपल्याकडे ढिगाने आहेत. पण अनुजाताईंचं ट्रायग्लिसराइड ११०. मालही जास्त, ट्रकही जास्त, दोघांची साक्ष एकच. पैसे वाया गेले असं नाही म्हणणार, पण नवीन काही कळलंही नाही.

शंकासुर

म्हणजे थोडक्यात सात पानांपैकी साडेसहा पानं पॅकेजवाल्यांच्या पोटासाठी. मी वेगळं काय म्हणत होतो?

पॅथॉलॉजी_काका

यावर तुमची-माझी युती.

अनुजा_नाशिक

बरेच दिवसांनी येतेय, सगळ्यांना अपडेट देणं लागते.

पुण्याला गेले. भावाच्या टाचा बघितल्या. दोन्हीकडे वरची दोरी बोटाएवढी जाड, वर गाठी. तो म्हणाला, "ही तर दहा वर्षं आहे, बुटामुळे आली असेल." एका हाडांच्या डॉक्टरांनी पूर्वी त्याला टाचेची उशी लिहून दिली होती! माझ्या टाचा साध्याच आहेत.

गुरुवारी डॉक्टरांनी एफएच आहे का हे ठरवायच्या तक्त्यावर माझे गुण मोजले. एलडीएलचे तीन आणि भावाच्या टाचेच्या गाठींमुळे दोन, एकूण पाच, म्हणजे 'शक्य'. भावाचं मात्र 'निश्चित'. जनुकीय तपासणी जमली तर भावाची करू म्हणाले, त्याच्यात सापडलं तर बाकीच्यांना तोच एक दोष बघणं सोपं जाईल. पण उपचारासाठी त्याची वाट बघायची नाही. रोसुवास्टॅटिन आणि इझेटिमाइब सुरू केलंय. एलपी-ए बघून त्यांनी माझं लक्ष्य ७० च्या खाली ठेवलंय, भावाचं ५५ च्या. होमोसिस्टीनवर त्यांनी पेनाने काट मारली आणि बी-१२ लिहून दिलं. सर्दी गेल्यावर सीआरपी ०.९. काका, साष्टांग.

आता मुलगा. सासऱ्यांना मी पिंपळपानचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ऐकून ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नातवाला स्कूटरवर बसवून लॅबमध्ये घेऊन गेले. एलडीएल १७६. डॉक्टर म्हणाले, घरात असा इतिहास असताना मुलांमध्ये १६० च्या वर म्हणजे धरूनच चाला. बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या महिन्यात जातोय. मुलगा खूश आहे कारण त्याला सॅंडविचमधलं चीज वगळून रोज ग्राउंडवर अर्धा तास जास्त मिळालाय. मी रडून घेतलं एकदा, बाथरूममध्ये.

आणि आत्या. तिला फोन केला तर म्हणाली, "माझं आता काय तपासायचं, पांडुरंगाने बोलावलं की जायचं." मग मी तिला बाबांचं सांगितलं, की ते तंबाखूने नाही गेले, निदान नुसत्या तंबाखूने नाही. बराच वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाली, आमचे वडीलही असेच गेले होते, नांगरताना, मी चार वर्षांची होते. हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिचं एलडीएल २४१. तिच्या दोन मुलांचं आणि चार नातवंडांचं या आठवड्यात होतंय.

लॅबच्या मुलीचा परत फोन आला होता, अ‍ॅडव्हान्स्ड प्रोफाइल घ्या म्हणून. मी म्हटलं, सहा माणसांचं साधं लिपिड प्रोफाइल मालेगावला घरी येऊन कराल का? सूट देतेय म्हणाली.

मिल्टन_कीन्स_मावशी

आता तुझ्याकडे माझ्यासारखाच एक वंशवृक्ष तयार झाला बघ. आत्याला माझा नमस्कार सांग.

शंकासुर

सूट किती मिळाली ते लिहा. आमच्याकडेही भावकी मोठी आहे.

अनुजा_नाशिक

वीस टक्के :)

काका, एक शेवटचा प्रश्न, आत्याकडून. तिलाही डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिनच दिलीय, रात्री घ्या म्हणाले. वारीत रात्री आठलाच झोपते आणि पहाटे तीनला उठते. गोळी सकाळी घेतली तर चालेल का?

पॅथॉलॉजी_काका

चालेल. रोसुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते, रोज एका ठरावीक वेळी घेतली की झालं. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्या, दिवेघाटात हमखास पाऊस लागतो.